उपाहारगृहातील धूर : जयपूरच्या वादाच्या निमित्ताने

माणसाला अन्नावाचून काही आठवडे आणि पाण्यावाचून काही दिवस काढता येतात. हवेवाचून मात्र काही मिनिटेही काढता येत नाहीत. त्यातही आणखी एक भेद आहे. ताटातील नको असलेला पदार्थ बाजूला सारता येतो, गढूळ पाण्याचा पेला परत करता येतो. पण ज्या खोलीत मनुष्य बसला आहे त्या खोलीतील हवा त्याला नाकारता येत नाही. एका छताखाली बसलेली सर्व माणसे एकच हवा वाटून घेत असतात. उपाहारगृहे व मद्यगृहे यांत धूम्रपानास बंदी असावी की नसावी, या प्रश्नाचा विचार या साध्या गोष्टीपासून सुरू करावा लागतो.

राजस्थानची राजधानी जयपूर येथे हा प्रश्न विशेष तीव्रतेने उपस्थित झाला. सवाई जयसिंह याने इ. स. १७२७ मध्ये वसविलेल्या या नगरीत जगभरातून प्रवासी येतात. तटाच्या आतील जुने शहर २०१९ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाले. तटाबाहेर सी-स्कीम, मालवीयनगर, वैशालीनगर यांसारख्या वस्त्यांत उपाहारगृहे, मद्यगृहे आणि गच्चीवरील कॉफीगृहे वाढत गेली, आणि त्यांतील कित्येकांत खाद्यपेयांबरोबर हुक्काही मिळू लागला. २०१९ सालीच राजस्थानच्या विधानसभेने केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून हुक्कागृहे चालविण्यास बंदी घातली. ही बंदी मोडणाऱ्यास एक ते तीन वर्षांचा कारावास आणि पन्नास हजार ते एक लाख रुपये दंड अशी शिक्षा ठरविण्यात आली. तरीही पोलिसांनी घातलेल्या धाडींची वृत्ते शहरातील दैनिकांत त्यानंतरही येत राहिली. यावरून कायदा झाला म्हणजे वाद मिटला असे होत नाही, हे उघड आहे.

या वादात दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, प्रौढ मनुष्य आपल्या पैशाने, आपल्या इच्छेने धूर ओढतो. त्यात शासनाने पडण्याचे कारण काय? उपाहारगृह ही मालकाची खासगी जागा आहे. ज्याला धूर नको असेल त्याने दुसरीकडे जावे. दुसरा पक्ष म्हणतो, तरुण मुले हुक्क्याच्या नादी लागत आहेत. त्यांना आवरलेच पाहिजे. दोन्ही पक्षांच्या बोलण्यात ग्राहक येतो, मालक येतो, क्वचित पोलीसही येतो. परंतु हातात तबक घेऊन या मेजाकडून त्या मेजाकडे दिवसभर हिंडणारा वाढपी बहुधा कोणाच्याच बोलण्यात येत नाही. त्याला ‘दुसरीकडे जावे’ असे सांगून भागत नाही, कारण त्याची भाकरी तेथेच आहे. प्रस्तुत प्रश्नाचा विचार त्याच्या जागी उभे राहून केल्यास या वादातील पुष्कळसा गोंधळ दूर होतो.

तंबाखूची जुनी परीक्षा

तंबाखू हिंदुस्थानात कोणत्या वाटेने पसरली याची एक हकीकत या संदर्भात मनोरंजक आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबर बादशहाचा असद बेग नावाचा सरदार दक्षिणेत विजापूरच्या दरबारी गेला होता. परत येताना त्याने तेथे प्रथमच पाहिलेली तंबाखू व ती ओढण्याची सुशोभित नळी बादशहाला नजर केली. अकबराने कुतूहलाने एक-दोन झुरके घेतले. तेव्हा दरबारातील वैद्याने हरकत घेतली. त्याचे म्हणणे असे होते की, या वस्तूची परीक्षा आपल्या जाणत्या लोकांनी अद्याप केलेली नाही. मग केवळ परदेशी लोक ती वापरतात एवढ्यावरून ती घेणे योग्य नव्हे. असद बेगाचे उत्तर असे की, प्रत्येक चाल कधी तरी नवीच असते. पुढे जहांगीर बादशहाने १६१७ मध्ये तंबाखू ओढण्यास मनाई केली. पण तोपर्यंत व्यसन दृढ झाले होते, आणि ती मनाई टिकली नाही.

वैद्याने मागितलेली परीक्षा व्हावयास साडेतीनशे वर्षे लागली. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी १९५० साली फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण व इतर रुग्ण यांची तुलना करून सिगारेट आणि हा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. अमेरिकेच्या सर्जन जनरलने १९६४ साली आपल्या अहवालात तोच निष्कर्ष अधिकृतपणे मांडला. येथपर्यंतचा प्रश्न ओढणाऱ्याच्या आरोग्याचा होता. शेजारी बसलेल्या, स्वतः कधीही न ओढणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न यानंतर पुढे आला.

त्याचे एक महत्त्वाचे उत्तर जपानमधून मिळाले. ताकेशी हिरायामा या संशोधकाने स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची माहिती चौदा वर्षे ठेवली. ज्या स्त्रियांचे पती पुष्कळ सिगारेटी ओढत होते, त्या स्त्रियांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले. हा निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर पुष्कळ टीका झाली व पुष्कळ नवे संशोधनही झाले. अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली परोक्ष धूम्रपान, म्हणजे दुसऱ्याने सोडलेला धूर श्वासात जाणे, हे मानवास कर्करोगकारक असल्याचे निश्चितपणे जाहीर केले. सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालानुसार अशा धुराच्या सतत सहवासात राहणाऱ्या अधूम्रपायी माणसास हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. जगात दर वर्षी दहा लाखांहून अधिक माणसे केवळ दुसऱ्यांच्या धुरामुळे मरण पावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

खोलीतील धुराचे काय होते

सिगारेट ओढताना दोन प्रकारचा धूर निर्माण होतो. एक, ओढणारा छातीत घेऊन परत सोडतो तो. दुसरा, दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात जळत्या टोकापासून आपोआप निघत राहतो तो. झुरका घेताना हवा जोराने आत खेचली जाते व ज्वलन अधिक तापमानावर होते. मधल्या वेळात टोक नुसते धुमसत असते. धुमसणारी वस्तू अपुरी जळते, आणि अपुऱ्या ज्वलनातून विषारी द्रव्ये अधिक निघतात, हा नित्याच्या अनुभवाचा नियम आहे. ओल्या लाकडाची चूल ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो निराळा सांगावा लागणार नाही. म्हणूनच कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया इत्यादी कित्येक द्रव्ये या दुसऱ्या धुरात, जळलेल्या तंबाखूच्या वजनाच्या मानाने, अधिक असतात; आणि हा धूर कोणत्याही गाळणीतून न जाता थेट खोलीत मिसळतो.

तंबाखूच्या धुरात सुमारे सात हजार रासायनिक द्रव्ये असतात, व त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगजनक आहेत. त्यातील कण बहुतांशी एका मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, लहान असतात. इतका बारीक कण धुळीप्रमाणे खाली बसत नाही; तो हवेत तासन्‌तास तरंगतो, आणि नाकातील केसांना किंवा घशातील ओलाव्याला न अडकता फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या कोशांपर्यंत पोचतो. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हीमोग्लोबिनाशी प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते व हृदयावर ताण पडतो.

हुक्क्याच्या बाबतीत पाण्यातून आलेला धूर शुद्ध होतो, असा एक समज दृढ आहे. पाण्याने धूर थंड होतो हे खरे, आणि थंड झाल्यामुळेच तो अधिक खोल व अधिक वेळ ओढता येतो. परंतु त्यातील कर्करोगजनक द्रव्ये आणि कार्बन मोनॉक्साइड पाण्यात अडकून राहत नाहीत. शिवाय हुक्क्यात तंबाखूवर जळता कोळसा ठेवलेला असतो, व त्या कोळशाचा स्वतःचा वायू निराळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००५ साली दाखवून दिले की, तासाभराच्या हुक्कापानात एका सिगारेटच्या मानाने शंभर ते दोनशे पट अधिक धूर आत घेतला जातो.

आता हे सर्व जयपूरच्या हवामानात ठेवून पाहावे. वैशाख-ज्येष्ठात तेथील पारा चाळीस अंशांच्या वर जातो. उपाहारगृहाची दारे-खिडक्या बंद करून वातानुकूलन यंत्रे चालविली जातात. ही यंत्रे हवा गार करतात. पण त्यांपैकी बरीचशी खोलीतीलच हवा पुनःपुन्हा फिरवीत असतात, बाहेरची ताजी हवा फारच थोडी आत घेतात. पौष-माघातील रात्री थंडीमुळे दारे पुन्हा बंदच. म्हणजे वर्षाचा मोठा भाग तेथील बंदिस्त उपाहारगृहात एकदा निर्माण झालेला धूर तेथेच फिरत राहतो. सुगंधी फवाऱ्याने वास झाकला जातो. कण मात्र तसेच राहतात. नाकाला धूर न जाणवणे आणि हवेत धूर नसणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

सेवकवर्गाचा प्रश्न

ग्राहक उपाहारगृहात तास-दीड तास बसतो व निघून जातो. वाढपी, मद्य देणारा सेवक, हिशेबनीस आणि सफाई कामगार हे तेथे दिवसाचे आठ-दहा तास, आठवड्याचे सहा दिवस आणि वर्षानुवर्षे असतात. विषाचा परिणाम त्याच्या मात्रेवर अवलंबून असतो, आणि मात्रा म्हणजे तीव्रता व काळ यांचा गुणाकार होय. ग्राहकाला जो धूर क्षणिक त्रास वाटतो, तोच सेवकाच्या बाबतीत व्यवसायजन्य रोगाचे कारण ठरतो.

याचे उदाहरण कॅनडात घडले. ऑटावा येथील हेदर क्रो नावाच्या स्त्रीने चाळीस वर्षांहून अधिक काळ उपाहारगृहांत वाढण्याचे काम केले. तिने स्वतः कधीही धूम्रपान केले नव्हते. २००२ साली तिला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे आढळले. कामाच्या ठिकाणच्या धुराने हा रोग झाला, हे मान्य करून तिला कामगार-नुकसानभरपाई मंजूर झाली. उरलेले आयुष्य तिने इतर सेवकांना असे मरण येऊ नये या प्रचारात घालविले. २००६ मध्ये तिचा मृत्यू झाला.

बंदीचा उपयोग किती लवकर दिसतो, हेही तपासले गेले आहे. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी १९९८ पासून मद्यगृहांत धूम्रपान बंद झाले. सॅन फ्रान्सिस्को येथील ५३ मद्यसेवकांची बंदीपूर्वी व बंदीनंतर तपासणी करण्यात आली. आधी त्यांपैकी ३९ जणांना खोकला, धाप, छातीतील घरघर अशा तक्रारी होत्या. बंदीनंतर दोन महिन्यांच्या आतच त्यांपैकी २३ जणांच्या तक्रारी नाहीशा झाल्या. औषध काही दिलेले नव्हते. केवळ हवा बदलली होती.

भारतातील स्थिती काय आहे? २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात बंदिस्त जागेत काम करणाऱ्या प्रौढांपैकी ३०.२ टक्के लोकांना कामाच्या ठिकाणी दुसऱ्याच्या धुराचा सहवास घडत असल्याचे दिसून आले. याच सर्वेक्षणानुसार स्वतः विडी, सिगारेट, हुक्का इत्यादी ओढणाऱ्या प्रौढांचे प्रमाण १०.७ टक्के होते. थोडे लोक ओढतात व त्यांच्या धुराचा भार पुष्कळांवर पडतो, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

कायद्याची वाटचाल

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध कायदा करण्यात राजस्थान मागे नव्हते. धूम्रपान न करणाऱ्यांच्या आरोग्याचे संरक्षण हा हेतू ज्याच्या नावातच आहे, असा १९९९ चा कायदा त्या राज्याने केंद्राच्या आधी केला. केरळच्या उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सार्वजनिक धूम्रपानाविरुद्ध निकाल दिला होता. पुढे मुंबईचे मुरली देवरा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, कचेऱ्या, सार्वजनिक वाहने इत्यादी ठिकाणी धूम्रपानास मनाई करण्याचा आदेश दिला. न धूम्रपान करणाऱ्याला दुसऱ्याच्या धुराने पीडित करणे म्हणजे त्याच्या जीविताच्या हक्कावर घाला होय, हे त्या निर्णयाचे सूत्र होते.

२००३ साली संसदेने केलेल्या कायद्यात हे सूत्र सर्व देशासाठी स्वीकारले गेले, व २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आलेल्या नियमांनी उपाहारगृहे, कॉफीगृहे व मद्यगृहे यांचा सार्वजनिक जागांत स्पष्ट समावेश केला. परंतु कायद्यात एक अपवाद ठेवण्यात आला. तीस किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल आणि तीस किंवा अधिक माणसांना बसण्याची सोय असलेले उपाहारगृह यांना धूम्रपानासाठी निराळी जागा ठेवता येते. ही जागा चारी बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंतींची, आपोआप मिटणाऱ्या दाराची आणि आतली हवा थेट बाहेर टाकणारी असावी, असे नियम सांगतात.

या अपवादातूनच हुक्कागृहांचा मार्ग निघाला. मुंबई महानगरपालिकेने परवान्याच्या अटींद्वारे हुक्क्यास बंदी करण्याचा प्रयत्न केला होता. परंतु केंद्रीय कायदा ज्याची मुभा देतो ते पालिकेस परवान्याच्या अटीने काढून घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ डिसेंबर २०१४ रोजी ठरविले. तेव्हा २०१७ च्या मे महिन्यात केंद्राने नियम बदलून धूम्रपानाच्या जागेत कोणतीही सेवा देण्यास मनाई केली. त्याच वर्षाच्या अखेरीस, २९ डिसेंबरच्या रात्री, मुंबईच्या कमला मिल परिसरातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ माणसे मृत्युमुखी पडली. हुक्क्याचा निखारा हे या आगीचे संभाव्य कारण म्हणून पुढे आले, आणि २०१८ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने हुक्कागृहांवर बंदी घातली. गुजरातने अशी बंदी त्याआधीच केली होती. राजस्थानची २०१९ ची दुरुस्ती ही याच मालिकेतील होय. जयपूरचा वाद हा एकट्या जयपूरचा नाही, तसा तो मराठी वाचकांनाही परका नाही, हे यावरून ध्यानात येईल.

या वाटचालीत एक विसंगती राहून गेली आहे. हुक्क्याचा धूर विकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास. पण त्याच इमारतीत सिगारेटच्या धुरासाठी मात्र निराळी खोली, आणि ती खोली सोडून अन्यत्र ओढणाऱ्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड. फुप्फुसाला मात्र धूर नळीतून आला की कागदाच्या गुंडाळीतून आला, याचा भेद कळत नाही. त्याचप्रमाणे २९ खुर्च्यांच्या उपाहारगृहातील धूर घातक आणि ३० खुर्च्यांच्या उपाहारगृहातील धूर भिंत घातली की निरुपद्रवी, असेही विज्ञान मानीत नाही. दार उघडले की धूर बाहेर येतो. रक्षापात्रे उचलणारा सफाई कामगार तर आतच जातो. धूम्रपानासाठी निराळी जागा, हवा शुद्ध करणारी यंत्रे किंवा वायुवीजन यांनी इतरांचे पूर्ण संरक्षण होत नाही, असा सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाचा स्पष्ट निष्कर्ष आहे.

आक्षेपांचा विचार

बंदीवर घेतले जाणारे आक्षेप थोडक्यात तपासणे न्याय्य होईल.

पहिला आक्षेप व्यक्तिस्वातंत्र्याचा. धूम्रपान करणे हा गुन्हा नाही, आणि कोणत्याही सभ्य समाजाने व्यसनी माणसाचा तिरस्कार करू नये. परंतु येथे कोणाला धूम्रपान सोडण्याची सक्ती केलेली नाही. ते कोठे करू नये एवढेच सांगितलेले आहे. आपल्या पेल्यात कोणी काय घ्यावे हा त्याचा प्रश्न असेल. शेजाऱ्याच्या पेल्यात ते ओतण्याचा अधिकार त्यास नाही. बंदिस्त खोलीतील धूर हा शेजाऱ्याच्या पेल्यात ओतल्यासारखाच आहे.

दुसरा आक्षेप धंद्याचा. ग्राहक तुटतील, प्रवासी येईनासे होतील, अशी भीती जयपूरसारख्या प्रवाशांच्या शहरात साहजिक आहे. परंतु आयर्लंडने २००४ साली, इंग्लंडने २००७ साली आणि फ्रान्सने २००८ साली मद्यगृहांतील धूम्रपान बंद केले. म्हणजे जयपूरला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांपैकी पुष्कळांना ही शिस्त घरूनच परिचित आहे. या विषयावरील ९७ अभ्यासांचे एक परीक्षण २००३ साली प्रसिद्ध झाले. काटेकोर पद्धतीने केलेल्या अभ्यासांत बंदीमुळे धंदा घटल्याचे आढळले नाही. तोटा दाखविणारे अभ्यास बहुतांशी तंबाखूधंद्याच्या साहाय्याने झालेले होते.

तिसरा आक्षेप परंपरेचा. राजस्थानच्या खेड्यांतील चौपालावर हुक्का हे बंधुभावाचे चिन्ह होते. ज्याला जातीबाहेर टाकायचे त्याचे ‘हुक्का-पाणी बंद’ करीत. ही परंपरा इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी आहे. पण चौपाल उघड्या आकाशाखाली होता, आणि तेथे वेतनावर उभा असलेला वाढपी नव्हता. बंद खोलीतील, संगीताच्या साथीने पैशावर विकला जाणारा हुक्का हा परंपरेचा वारस नव्हे. शिवाय जुनी चाल म्हणून धूर कमी विषारी होत नाही. स्वतः अकबराच्या वैद्यानेही चालीपेक्षा परीक्षेला महत्त्व दिले होते.

चौथा आक्षेप अंमलबजावणीचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. कठोर शिक्षा व वारंवार धाडी यांमुळे धंदा तळघरात जातो, लाचलुचपतीला वाव मिळतो, आणि मालक सुटून नोकरच पकडला जाण्याचा संभव असतो, असे टीकाकार म्हणतात. हे म्हणणे झिडकारून चालणार नाही. ज्या वाढप्याच्या श्वासासाठी कायदा करावयाचा, तोच पोलीस ठाण्यात बसविला गेला तर कायद्याचा हेतूच उलटला, असे म्हणावे लागेल. म्हणून भर तुरुंगापेक्षा मालकाच्या दैनंदिन जबाबदारीवर असला पाहिजे. २००८ च्या नियमांत तशी तरतूद आहेही : जागेच्या मालकाने किंवा व्यवस्थापकाने तक्रार मिळूनही उपाय केला नाही, तर जितके गुन्हे घडले तितक्यांचा दंड त्याच्यावर बसतो. फलक लावणे, रक्षापात्रे व आगपेट्या न ठेवणे हीही कर्तव्ये त्याच्याकडे दिलेली आहेत. या साध्या तरतुदी नित्य पाळल्या गेल्या तर धाडींचे प्रयोजन पुष्कळच कमी होईल.

पुढील मार्ग

या सर्व विवेचनातून एक कसोटी हाती लागते. उपाहारगृहातील धुराचा कायदा साधनावरून किंवा खुर्च्यांच्या संख्येवरून नव्हे, तर तेथे काम करणाऱ्याच्या श्वासात काय जाते यावरून तपासला पाहिजे. या कसोटीला हुक्काबंदी योग्य ठरते. परंतु तिच्याबरोबर तीस खुर्च्यांचा अपवाद टिकत नाही. केंद्रीय कायद्यात दुरुस्ती करण्याचा जो मसुदा २०२० साली तयार झाला, त्यात उपाहारगृहांची ही सवलत काढून घेण्याचा आणि दोनशे रुपयांचा दंड दोन हजारांपर्यंत नेण्याचा विचार होता. त्या विचाराकडे पुन्हा वळणे इष्ट आहे. तोपर्यंत जयपूरच्या किंवा मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांना, ही सवलत आपण होऊन न घेण्यास कोणतीही आडकाठी नाही. सवलत म्हणजे सक्ती नव्हे.

धूम्रपान करणाऱ्यांचाही विचार झाला पाहिजे. त्यांपैकी पुष्कळांना ही सवय सोडावयाची असते. निकोटीनची ओढ त्यांना सोडीत नाही. २०१६ पासून शासनाची विनामूल्य दूरध्वनी-सल्लासेवा सुरू झाली, आणि २०१८ पासून तिचा क्रमांक तंबाखूच्या वेष्टनांवरच छापला जाऊ लागला. बंदीच्या फलकाशेजारी हा क्रमांकही लावला, तर त्या फलकाचा सूर केवळ दटावणीचा न राहता साहाय्याचा होईल. घरातील धुराचा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेरचा आहे. पूर्वोक्त सर्वेक्षणात ३८.७ टक्के प्रौढांना घरी धुराचा सहवास घडत असल्याचे आढळले होते. तेथे लोकशिक्षण हाच मार्ग. उपाहारगृहात जी शिस्त माणसाच्या अंगवळणी पडते, ती हळूहळू घराच्या उंबऱ्यातही प्रवेश करते, अशी आशा बाळगण्यास हरकत नाही.

जयपूरमध्ये रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीला ‘थडी’ म्हणतात. थडीवर चहा देणारा मुलगा निदान मोकळ्या हवेत उभा असतो. वातानुकूलित दालनात गणवेश घालून उभ्या असलेल्या वाढप्याचे वेतन कदाचित अधिक असेल. पण त्याची हवा थडीवरच्या मुलाच्या हवेहून वाईट असावी, हे प्रगतीचे लक्षण खास नव्हे. ग्राहकाने पेटविलेली सिगारेट पाच-सात मिनिटांत संपते. तिचा धूर ज्याच्या छातीत जातो तो मनुष्य रात्री उशिरा मेजे पुसून घरी जातो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खोलीत येतो. या वादात मत देणाऱ्या प्रत्येकाने, मग तो ग्राहक असो, मालक असो की आमदार असो, मत देण्यापूर्वी त्याला एकदा विचारून पाहावे.